न्हाणीघराच्या भिंतीवरचं वाक्य

मंगळवारी दुपारच्या नमाजाआधी हाई शूझन हातपाय धुवायला बायकांच्या मशिदीच्या न्हाणीघरात शिरली आणि समोरच्या भिंतीवर स्वतःचं नाव बघून उंबऱ्यातच थबकली. निळ्या तैलरंगात, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: 'शहाणपण म्हणजे कुणाला किती गरम पाणी लागतं ते न विचारता ओळखणं.' आणि खाली, जरा बारीक, 'आहोंग हाई शूझन'. रंग अजून ओला होता, त्याचा उग्र वास बंबाच्या धुरात मिसळला होता. भिंतीखाली, अगदी त्या नावाच्या खाली, न्हाणीघर सांभाळणारी तुओ लानफेन उकिडवी बसून फरशीवर सांडलेले निळे थेंब रॉकेलच्या फडक्यानं पुसत होती. शूझनचे कान तापले. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, गल्लीतल्या तीनशे बायकांना नमाज पढवणारी, ग्रंथ शिकवणारी आहोंग, लग्नाला, बारशाला, मयताला जिच्याशिवाय पान हलत नाही अशी, आणि तिला त्या क्षणी वाटलं की मागच्या मागे सटकावं.

"आत ये की. दारात उभी राहून गारठा कशाला आत घेतेस," लानफेन वर न बघता म्हणाली. "पाय जपून टाक, तिकडे रंग आहे."

"हे कुणी केलं?"

"दिंग काकूंनी. सकाळचा नमाज झाल्या झाल्या रंगाऱ्याला घेऊन आल्या. शुक्रवारी याछिनला आहोंगचा झगा द्यायचा, पाहुणे यायचेत, भिंत भुंडी दिसते म्हणाल्या." तिनं फडकं पिळलं, मान वर करून भिंतीकडे पाहिलं. "अक्षर बरं काढलंय. 'पाणी' तेवढं जरा तिरकं झालंय."

एवढ्यात दिंग काकू स्वतःच आल्या. मशिदीचा कारभार त्यांच्याकडे, त्यामुळे कुठेही काही नवं झालं की त्याचं कौतुक वसूल करायला त्या पोचलेल्याच असत. "कसं दिसतंय आहोंगबाई? वाक्य पाण्याचं आणि जागाही पाण्याचीच. बायका दिवसातून पाच वेळा वाचतील. लानफेन तर काय, दिवसभर वाचेल." त्या हसल्या. लानफेनही हसली. शूझनलाही हसावं लागलं. मग लानफेननं नळीची झारी भरून आणली आणि शूझन लाकडी फळीवर बसून पाय पुढे करून राहिली. पंजे, तोंड, कोपरापर्यंत हात, ओल्या हातानं डोकं, शेवटी पाय. पाणी नेहमीसारखंच कढत होतं, किंचित जास्त कढत, पाय मागे घ्यावासा वाटेल इतपत.

"बरं आहे ना पाणी, आहोंगबाई?" लानफेननं विचारलं. चारचौघांत ती तिला आहोंगबाई म्हणायची, एकट्या असल्या की शूझन.

"छान आहे," शूझन म्हणाली.

लानफेन विचारायला लागली तेव्हापासून ती हेच म्हणत आली होती. सव्वीस वर्षांत तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की हे पाणी मुद्दाम कढत असतं. लानफेनला सगळ्यांच्या पाण्याची नस बरोबर कळते, आणि माझंच तेवढं कळत नाही असं कसं होईल? तिला कळतंच. तिला सगळं आठवतंय, आणि तोंडानं एक शब्द न काढता ती दिवसातून पाच वेळा आठवण करून देते. शूझननं ही शिक्षा मुकाट्यानं घेतली होती. कधी कधी तर तिला त्यात बरंही वाटायचं. पाय भाजले की वाटायचं, चला, आजचं देणं फिटलं. आणि वर भिंतीवर लिहिलं होतं की हे शहाणपण आहे आणि ते तिचं आहे.

नमाजात तिचं लक्ष लागलं नाही. बायकांच्या रांगेच्या मधोमध उभी राहून ती नमाज पढवत होती आणि डोळ्यांपुढे निळी अक्षरं नाचत होती. नंतर वर्गात चौघी मुली ग्रंथ उघडून बसल्या. शा याछिन सगळ्यांत पुढे, ताठ बसलेली. तिला शुक्रवारी झगा मिळायचा होता. झगा मिळण्याआधी सगळ्या जमावासमोर एका वचनाचा अर्थ सांगायचा ही रीत, आणि याछिननं मुद्दाम तेच वचन निवडलं होतं: तो ज्याला हवं त्याला शहाणपण देतो, आणि ज्याला ते मिळालं त्याला मोठंच भलं मिळालं, अशा अर्थाचं. "तुम्ही तुमच्या झग्याला जे सांगितलं होतं तेच वचन, आहोंगबाई," ती म्हणाली तेव्हा शूझनला नाही म्हणायला कारण सुचलं नव्हतं. आता ती एकेक अर्थ घडाघडा सांगत होती. जुन्या भाष्यकारांतले कुणी म्हणतात, शहाणपण म्हणजे ग्रंथाचं ज्ञान. कुणी म्हणतात, पैगंबरांची वागण्याची रीत. कुणी म्हणतात, नेमकं बोलणं आणि नेमकं करणं. कुणी म्हणतात, मनात राहिलेला देवाचा धाक. आणि कुणी म्हणतात, जे ठाऊक आहे ते हातून घडणं, कारण ठाऊक असून जो करत नाही त्याच्याजवळ माहिती असते, शहाणपण नसतं. ही शेवटची ओळ शूझननं स्वतः शेकडो वेळा शिकवली होती. ती शिकवताना तिचा आवाज दरवेळी जरासा घाईत पुढे सरकायचा, दातदुखीवाला माणूस एका बाजूनं चावतो तसा.

"आणि आमच्या आहोंगबाई म्हणतात," याछिन म्हणाली आणि ते वाक्य तिनं डोळे मिटून म्हटलं. बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. शूझननं पुस्तकाचं पान उलटलं.

याच खोलीत तिला तिच्या गुरू, थिए आहोंगांनी, शिकवलं होतं. वीस-बावीस वर्षं सरकारी हुकमानं मशीद बंद होती, आत पोती शिवण्याचा कारखाना चाले. तो हलला तेव्हा सत्तरीच्या थिए आहोंगांनी तागाचे तंतू झाडून काढले आणि गल्लीतल्या दोन मुली हाताशी धरल्या, बावीसची शूझन आणि तेविसाची लानफेन. दोघींत मिळून एक ग्रंथ होता. ओळींच्या मध्ये थिए आहोंगांच्या बारीक टिपा, अक्षरं अरबी आणि बोली आपली घरची, पोरींना वाचताच यावी म्हणून. शूझन पाठांतरात तयार. एकदा ऐकलं की डोक्यात पक्कं. लानफेन मंद. ती एका शब्दावर अडली की तीन दिवस अडायची, आणि चौथ्या दिवशी भलताच प्रश्न विचारायची. पैगंबरांच्या घरातल्या बायकांना सांगितलेलं वचन चाललं होतं, तुमच्या घरात जे वाचलं जातं ते लक्षात ठेवा, देवाची वचनं आणि शहाणपण. शूझननं सगळ्यांची भाष्यं म्हणून दाखवली. लानफेन म्हणाली, "पण 'आणि' कशाला म्हटलंय? वचनांतच शहाणपण असेल तर वेगळं का सांगितलं?" थिए आहोंग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वचन पाठ करता येतं. दुसरं ते घरात घडत असतं. ते बघावं लागतं." त्यांनी हे लानफेनकडे बघून म्हटलं, शूझनकडे नाही. इतक्या वर्षांनीही शूझनला ती नजर कुठे वळली होती ते आठवतं. मत्सर म्हणावा इतका तो मोठा नव्हता, पण होता.

त्या हिवाळ्यात दोघी पाळीपाळीनं बंब पेटवायच्या. भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्या, ओल्या भिंती, दारात चामड्याचा पडदा. पहाटे म्हाताऱ्या यायच्या, बाळंतिणी चाळीस दिवसांनी पहिल्या आंघोळीला यायच्या, लग्न ठरलेल्या पोरी यायच्या. लानफेन प्रत्येकीच्या झारीत गार-गरम मिसळून द्यायची आणि कुणी काही बोलायची नाही. शूझननं दिलं की "जरा गार घाल ग", "जरा गरम कर ग" चालू. एकदा शूझन वैतागून म्हणाली, "तुला कसं कळतं?" लानफेन बंबात फुंकर घालत होती. धुरानं डोळे चोळत म्हणाली, "मला वाटतं, ते शहाणपण शहाणपण म्हणतात ना, ते हेच असेल. कुणाला किती गरम लागतं ते न विचारता ओळखणं." एवढंच. मग तिला खोकला आला. शूझननं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि दोघी हसल्या.

मग दोघींच्या झग्याचा दिवस आला. अंगणात दोन लाल कापडी पडदे टांगलेले, एकावर शूझनचं नाव शिवलेलं, एकावर लानफेनचं. घरोघरच्या बायका सकाळपासून तेलात जाड गोल पुऱ्या तळत होत्या, सगळ्या गल्लीला त्याचा वास. पलीकडच्या पुरुषांच्या मशिदीतले म्हातारे आहोंग खुर्चीत बसले होते. शूझननं वचन वाचलं, पाची अर्थ सांगितले, कुठे अडखळली नाही. म्हाताऱ्यानं दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे सगळं ग्रंथकारांचं झालं. पोरी, तुला काय वाटतं?" असं कुणी तिला आयुष्यात विचारलं नव्हतं. तिला काहीच वाटत नव्हतं. तिनं आत शोधलं आणि आत पाठ केलेल्या ओळींखेरीज काही नव्हतं, आणि शेदीडशे बायका बघत होत्या, आई पुढच्या रांगेत होती. आणि तोंडातून ते वाक्य निघालं. चुकून निघालं असं तिनं पुढे स्वतःला फार वेळा सांगून पाहिलं. पण निघताना तिला माहीत होतं की हे आपलं नाही. इतकंच नाही, 'लानफेन म्हणते' हे दोन शब्द आधी लावायला वेळ होता. श्वास घेण्याइतका वेळ होता, आणि तिनं श्वास घेतला.

बायकांतून हुंकार उठला. कुणीतरी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. मग लानफेनची पाळी आली. तिनंही अर्थ सांगितले, एक विसरली. "तुला काय वाटतं?" म्हाताऱ्यानं विचारलं. लानफेननं एकदाच शूझनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "मला वेगळं काही सांगायचं नाही." म्हातारा मायेनंच म्हणाला, "घाई नाही. अजून एक वर्ष शिकू दे हिला." ते वर्ष आलंच नाही. लग्न झालं, सासू अंथरुणाला खिळली, थिए आहोंगांचे डोळे गेले. लानफेन न्हाणीघर सांभाळायला लागली ती लागलीच. तिच्या लाल पडद्यावरचं नाव उसवून तिनं त्याची रजईची खोळ केली. शूझन एकदा तिच्याकडे गेली तेव्हा ती खोळ दोरीवर वाळत होती, आणि उन्हात टाक्यांच्या भोकांची ओळ दिसत होती, नाव अजून वाचता येत होतं. शूझन चहा न घेताच उठली. घाई आहे म्हणाली.

वाक्याचं मात्र भाग्य उघडलं. शेजारच्या गावांतून बायका ते ऐकायला आल्या. शूझननं ते लग्नांत सांगितलं, नवऱ्या मुलींच्या कानात घातलं. सासू-सुनेचं भांडण आलं की हेच, न विचारता ओळखायला शीक. नवरा तुसडा असला तरी हेच. एकदा एक पन्नाशीची बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तीस वर्षं मी घरातल्या सगळ्यांचं न विचारता ओळखतेय आहोंगबाई. माझं कोण ओळखणार?" शूझननं तिला धीर धर म्हटलं. दुसरं काय म्हणणार? जे स्वतःला सुचलेलं नाही त्याच्यापुढचं तरी कुठून सुचणार? ती तेवढ्या एका वाक्याच्या काठाकाठानं चालत राहिली, सव्वीस वर्षं, एक पाऊल आत न टाकता.

सांगायची वेळ आली नव्हती असं नाही. थिए आहोंग वारल्या तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ दोघींनीच घातली. शूझन डोक्याशी, लानफेन पायांशी. दार लावलेलं, पाण्याचा तेवढा आवाज. तेव्हा शूझनच्या ओठांवर आलं होतं. पण मेलेल्या बाईसमोर स्वतःचं रडगाणं कशाला, असं तिनं मनाला सांगितलं. मन काय, तिचं नेहमीच ऐकायचं.

भिंतीचा रंग वाळला. बुधवारभर बायका तिला थांबवून वाक्याबद्दल बोलत राहिल्या. गुरुवारी दुपारी ती मागच्या स्वयंपाकघरात गेली. लानफेन एकटीच होती. शुक्रवारच्या पुऱ्यांचं पीठ मोठ्या परातीत मळत होती, बाह्या खांद्यापर्यंत वर, बाजूला कढईत तेल तापत ठेवलेलं. शूझननं दार ओढून घेतलं.

"ते वाक्य तुझं आहे," ती म्हणाली.

"कुठलं?"

"भिंतीवरचं."

लानफेनचे हात पिठात थांबले. "हो," ती म्हणाली. "मला वाटलं तू विसरलीस."

"विसरले नाही. एक दिवस विसरले नाही. मी उचललं ते, लानफेन. ठाऊक असून उचललं. तुझा झगा गेला माझ्यापायी." तिला वाटलं होतं की हे बोलताना रडू येईल. आलं नाही. "उद्या सगळ्यांसमोर सांगते. माझं नाव खोडून तुझं घालायला लावते."

"नको."

"नको कसं? माझ्यासाठी तरी..."

"स्वतःसाठीच म्हणतेस ना?" लानफेननं पुन्हा मळायला घेतलं. "चुकीचं आहे ते. चुकीच्या वाक्याखाली माझं नाव कशाला लावतेस? मी तेविसाची होते तेव्हा. धुरात बसून बोलले काहीतरी."

"चुकीचं?"

"थिए आहोंगांचे पाय मी धुतले की शेवटी. पोटऱ्यांवर भाजल्याचे डाग होते, जुने, एकावर एक. सात वर्षं मी त्यांना पाणी दिलं, हाडं दुखतात म्हणून कढत कढत दिलं. त्यांनी कधी हूं केलं नाही. मी मनापासून देतेय म्हणून सोसलं त्यांनी. आणि मला वाटत होतं, मला ओळखता येतं." तिनं कपाळावरचा घाम दंडानं पुसला. "तेव्हापासून सगळ्यांना विचारते. तर सगळ्या म्हणतात, छान आहे."

शूझन आपल्या पायांकडे बघत होती. "माझं पाणीही कढत असतं," ती म्हणाली.

"तुझं? मी तर रोज विचारते तुला."

"मला वाटायचं तू मुद्दाम देतेस."

लानफेननं तिच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसायला लागली, पिठाचे हात वर धरून, खांदे हलवत, आणि हसता हसता मध्येच थांबली. "म्हणजे सव्वीस वर्षं," ती सावकाश म्हणाली, "दिवसातून पाच वेळा, मी तुझ्यावर सूड उगवतेय असं तुला वाटत होतं."

शूझनच्या लक्षात आलं की चोरीपेक्षा हे वाईट होतं. वाक्य तिनं एकदाच चोरलं होतं. हे ती रोज करत आली होती. समोरची बाई नुसतं पाणी देत होती आणि हिनं तिला मनातल्या मनात कसली करून ठेवली होती.

"मग काय असतं ते?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. बावीस वर्षांच्या मुलीनं वर्गात शेजारणीला हळूच विचारावं तसा तो निघाला. "शहाणपण. तुला आता काय वाटतं?"

लानफेननं पिठाचा गोळा परातीत उलटा केला, वर ओलं फडकं घातलं, कडा नीट दाबल्या. तिला काहीतरी वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"एकदा सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "आता नाही सांगत. सरक जरा, तेल तापलंय."

वर्गात मुली थांबल्या होत्या. याछिनला शेवटची उजळणी हवी होती. तिनं वचन वाचलं, एकेक अर्थ सांगितला आणि डोळे मिटले. "आणि आमच्या आहोंगबाई..."

"ते वगळ," शूझन म्हणाली. "ते माझं नाही. दुसऱ्या बाईचं आहे, मी ते चोरलं. आणि तिलाही आता ते खरं वाटत नाही."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आहोंगबाई काहीतरी खोल शिकवताहेत असं वाटून एकीनं वही पुढे ओढली. "लिहू नकोस," शूझन म्हणाली. "हा धडा नाही."

याछिननं डोळे उघडले. "पण मी तयारी तेवढीच केलीय. उद्या कुणी विचारलं, तुला काय वाटतं, तर काय सांगू?"

"जे तुझं असेल ते सांग."

"माझं काही नाहीये आहोंगबाई."

"मग नाही म्हणून सांग."

बाहेर अंगणात याछिनच्या नावाचा लाल पडदा टांगायला बायका शिडी आणत होत्या. "आणि त्यावर झगा नाही दिला तर?" तिनं विचारलं. ती खरोखरच विचारत होती, उत्तर हवं होतं म्हणून.

मग नाही दिला, एवढंच उत्तर होतं. ते द्यायला शूझनजवळ तोंड नव्हतं.